‘जायंट-साइज एक्स-मेन’चा पहिला अंक : पुन्हा वाचताना

मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ या अद्भुत शक्तीच्या नायकांच्या कॉमिक-मालिकेचा १९७५ सालचा हा अंक ज्यांनी लहानपणी वाचला आणि मोठेपणी पुन्हा उघडला, त्यांनी दोन्ही वाचनांत काय बदलले ते लिहावे. सुरुवात मीच करतो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळालेल्या माझ्या प्रतीचा कोपरा उंदराने कुरतडलेला होता, पण मुखपृष्ठ शाबूत होते : जुन्या चमूचे चित्र फाडून नवे सभासद बाहेर झेपावत आहेत. तेव्हा ते निव्वळ झोकदार वाटले. आज त्यात व्यवहाराची कबुली दिसते, कारण १९७० पासून या मालिकेत जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी केनिया, जर्मनी, रशिया, जपान, कॅनडा असे देशोदेशीचे लोक गोळा करून ती जिवंत केली.

पुण्याहून :
शाळेत असताना मी नव्या चमूतल्या वुल्व्हरिनसाठी पाने उलटत असे, आणि तो या अंकात फारसा काही करत नाही म्हणून खट्टू होत असे. नोकरीसाठी अकरा वर्षे परदेशी राहून आल्यावर मात्र मी बैकाल सरोवराजवळच्या सामूहिक शेतावर अडखळलो. धाकट्या बहिणीकडे सुसाट येणारा ट्रॅक्टर अंगावर झेलून फोडणारा पोलादी कोलोसस चमूचा संस्थापक प्राध्यापक झेवियर याच्यासोबत निघतो, तेव्हा आईवडिलांचा निरोप जेमतेम काही चौकटींत उरकला जातो. लेखकाने घाई केली असे पूर्वी म्हणालो असतो. विमानतळावरचा माझा निरोपही तेवढाच होता.

नागपूरहून :
एवढे कौतुक मला पटत नाही. अमेरिकेतल्या अपाची या मूलनिवासी जमातीच्या थंडरबर्डला सोबत आणण्यासाठी झेवियर त्याच्या जमातीच्या धैर्यालाच डिवचतो, ही युक्ती आज वाचवत नाही. शिवाय त्याच वर्षी, मालिकेच्या ९५व्या अंकात, थंडरबर्ड मारलाही जातो. वादळे आणणाऱ्या स्टॉर्मला देवी मानणाऱ्या लोकांना तर स्वतःचे म्हणणेच नाही. नाइटक्रॉलरचा, म्हणजे कर्ट वॅगनरचा, प्रसंग मात्र अजून टिकतो. मशाली घेतलेल्या जमावातून वाचलेला तो निळा तरुण आपल्याला सामान्य करता येईल का असे विचारतो, आणि झेवियरच्या उलट प्रश्नानंतर आपल्याला फक्त पूर्ण असा कर्ट वॅगनर व्हायचे आहे, असे सांगतो.

कोल्हापूरहून :
जुना चमू जिथे अडकतो ते क्राकोआ बेटच सजीव शत्रू आहे, हे रहस्य भावाने आधीच फोडले होते, त्यामुळे माझे सारे लक्ष शेवटच्या प्रश्नावर असे : आता तेरा एक्स-मेनचे करायचे काय? मी दरवेळी बोटांवर मोजत असे आणि दरवेळी चौदा भरत. मी मोजत असलेला जुन्या चमूतला बीस्ट तेव्हा चमू सोडून गेला होता, हे मला गेल्या वर्षी कळले.