लेवीयपाशी वाचन अडलंय

प्रश्न: वर्षात अख्खं बायबल वाचायचं ठरवलंय. 1,189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं भराभर झाली. तिसऱ्या, लेवीयमध्ये होमार्पणं आणि चर्मरोगाचे नियम सुरू झाले नि गाडी रुतली. डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही. रेटू की सोडू?

प्रतिसाद 1: सोडू नका, सोबत मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र घ्या. 16च अध्याय. आणि लेवीय इतकंही कोरडं नाही हो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे येशूने तिथूनच घेतलंय, अध्याय 19, वचन 18.

प्रतिसाद 2: मी दिवसाला बायबलमधलं एकच स्तोत्र वाचते, मोठ्याने. आई गेली तेव्हा 88वं समोर आलं. त्याची शेवटची ओळसुद्धा अंधारातच संपते. देवापुढे इतकी तक्रार चालते म्हटल्यावर मलाही तोंड उघडता आलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणणारं 23वं तेव्हा घशाखाली उतरत नव्हतं.

प्रतिसाद 3: वेळापत्रक देवाने दिलेलं नाही, आपणच आखलंय. (119वं स्तोत्र मात्र एका बैठकीत उरकू नका, 176 वचनं आहेत!)

प्रश्नकर्ता: 19वा अध्याय काढला. शेताची कड गरिबांसाठी राखा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवू नका... हे छानच आहे की. उद्यापासून लेवीय थोडं, मार्क एक अध्याय.