वर्गात एकट्या पडणाऱ्या ख्रिस्ती मुलांना कसं उभं करावं?

तरुणसंघ_दारव्हा:
सलाम. आमच्या मंडळीत आठवी ते दहावीची सात मुलं आहेत. आपापल्या वर्गात जवळपास प्रत्येक जण एकटाच ख्रिस्ती. मित्र खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) पुढे करतात, पेपरात उत्तरं दाखव म्हणतात, ‘पैसे घेऊन बाटले’ म्हणून चिडवतात. प्रसादाचा प्रश्न तर दर गणपतीत येतो. रविवारी वचनं पाठ करून घेतो, पण सोमवारी पोरं गप्प बसतात. काय करावं?

शब्बाथशाळा_ताई:
भाऊ, पाठांतरासोबत बोलण्याचा सराव घ्या. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. आठव्या वचनात राजाचं अन्न न खाण्याचा त्याचा निश्चय आधी झालेला आहे, मग तो नम्रपणे विनंती करतो, आणि बाराव्यात दहा दिवस फक्त भाजी-पाणी देऊन बघा, असा पर्याय स्वतःच सुचवतो. मुलांकडून हाच क्रम घटवून घ्या.

दोघादोघांच्या जोड्या करा. एकानं मित्र व्हायचं आणि तीनदा आग्रह करायचा: “घे ना बे, एका खर्ऱ्यानं का होते?” पहिल्यांदा नाही म्हणणं सोपं असतं, मुलं तिसऱ्या वेळी ढासळतात. म्हणून तिन्ही वेळा एकच छोटं वाक्य: “मी खात नाही, चल खेळायला.” ‘आज दात दुखतोय’ असलं कारण देऊ देऊ नका. उद्या दात बरा झाला की खर्रा परत पुढे येतो. खर्रा वाटून खाणं ही पोरांची दोस्ती असते. नुसता नकार मित्राला लागतो, म्हणून ‘चल खेळायला’ सुटता कामा नये.

कॉपीचंही तसंच. पेपरात उत्तर दाखवणार नाही, पण आदल्या संध्याकाळी गणितं सोबत सोडवू, हे परीक्षेच्या आधीच सांगून ठेवायचं. हॉलमध्ये सांगितलं तर तो दगा वाटतो.

पाळक_मेळघाट:
प्रसादाबद्दल १ करिंथ (प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र) ८ आणि १० हे दोन्ही अध्याय पालकांसोबत बसून वाचा. पौल म्हणतो, समोर वाढलेलं चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. घराघरात मतं वेगळी असतील, म्हणून गणपतीच्या आधीच ठरवा. ऐनवेळी पोरावर सोडलं की तो लपवाछपवी शिकतो. घेणार नसेल तर हात जोडून “माफ कर, मी घेत नाही” एवढंच. मित्राच्या देवाबद्दल एकही वाकडा शब्द नको, यावर मी फार कडक आहे.

शाळेतल्या पूजेचं म्हणाल, तर सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही; संविधानाचं कलम २८(३) बघा. पण हे मुलाला भांडायला लावू नका. पालकानं मुख्याध्यापकांना शांतपणे भेटावं.

तरुणसंघ_दारव्हा:
आणि चिडवण्याचं?

शब्बाथशाळा_ताई:
बायबलमध्ये १ पेत्र ३:१५ बघा: उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. “आमच्या घरी येशूवर विश्वास आहे म्हणून” हे पुरे. ‘परक्यांचा धर्म’ म्हणाले, तर १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांची मराठी भजनं आपण उपासनेत गातो, हे मुलांना माहीत असू द्या. मात्र चिडवणं रोजचं झालं किंवा मारहाण झाली, तर मुलाला सहन करायला सांगू नका. त्याच दिवशी वर्गशिक्षकांकडे जा.

अजून एक. मुलांना मंडळीसमोर उभं करून ‘या आठवड्यात साक्ष दिली का’, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल कोणाला सांगितलं का, असं विचारू नका, मुलं खोटं बोलतात. त्याऐवजी दोघादोघांनी बुधवारी एकमेकांना विचारावं.