उष्ण ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी गारव्याची जागा : आपले अनुभव लिहा

भट्टीजवळ, वाफेत, भर उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली काम करणाऱ्यांना अंग निववण्यासाठी स्वतंत्र जागा हवी, हे तत्त्व म्हणून कोणी नाकारत नाही; परंतु अनेक ठिकाणी अशी जागा असूनही ती रिकामीच राहते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार जगभरातील 240 कोटींहून अधिक कामगारांना कामाच्या ठिकाणी अतिउष्णतेला तोंड द्यावे लागते. ज्यांनी अशी जागा वापरली, उभारली किंवा मागूनही ज्यांना ती मिळाली नाही, त्यांनी ती कोठे होती, तेथे किती वेळ बसू दिले जाई आणि कशामुळे फरक पडला, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

फाउंड्रीतील पाळीप्रमुख

वितळलेला धातू साच्यात ओतताना अंगावर जाड जॅकेट, पायांवर संरक्षक पट्टे आणि तोंडासमोर ढाल असते. भट्टीची उष्णता किरणांवाटे थेट अंगावर येते, त्यामुळे भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा पाहून ओतणाऱ्याच्या त्रासाची कल्पना येत नाही. आमच्याकडे वातानुकूलित खोली पहिल्यापासून होती, पण ती कार्यालयाच्या इमारतीत. तेथे जायचे तर सगळा पोशाख उतरवून आवार ओलांडायचे आणि परतल्यावर घामाने भिजलेला तोच पोशाख पुन्हा चढवायचा. साहजिकच कोणी जात नसे, आणि व्यवस्थापन त्याचा अर्थ ‘कामगारांना गरज नाही’ असा काढत असे, याचा मला आजही राग येतो.

पुढे ओतकामाच्या जागेलगतच, भट्टी नजरेआड होईल अशा आडोशाला एक लहान कक्ष बांधला. भट्टीकडच्या भिंतीला चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, जेणेकरून उष्णता परावर्तित व्हावी. दार हातमोजे न काढता खांद्याने ढकलता येते. आत जॅकेटसाठी खुंट्या, बाक, पिण्याचे पाणी आणि कोपरापर्यंत हात बुडतील अशी गार पाण्याची उथळ टाकी आहे. अग्निशमन दलांत वापरली जाणारी ही पद्धत फार उपयोगी ठरली: तळहातांत आणि बोटांत त्वचेलगत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, तेथे निवलेले रक्त शरीरभर फिरते. हात पाण्यात घातल्यावर आधी बोटांना झिणझिण्या येतात, मग हळूहळू कानशिलांतली धडधड शांत होते आणि माणूस पुन्हा नीट बोलू लागतो.

धुलाई विभागातील कर्मचारी

आमची अडचण दमट हवेची होती. विश्रांतीच्या खोलीत मोठे पंखे बसवले, परंतु ते इस्त्रीयंत्रांकडची वाफाळलेली हवाच फिरवत राहिले. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; तोच घाम नुसता निथळला तर शरीर जवळजवळ निवतच नाही. म्हणून कामाच्या जागी डब्ल्यूबीजीटी (हवेचे तापमान, दमटपणा आणि किरणांची उष्णता एकत्र धरणारा उष्णतेचा निर्देशांक) मापन हवे, कारण त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला 70 टक्के वजन दिले जाते आणि दमटपणा आकड्यात उतरतो. खोली वेगळी करून तेथे हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवल्यावर मात्र खरा आराम मिळू लागला.

रस्त्याच्या कामावरील मजूर

डांबराच्या कामात जागा रोज पुढे सरकते, म्हणून आमचा तंबू चाकांच्या गाड्यावर होता आणि तो कामाबरोबर पुढे नेला जाई. तरी त्यात कोणी बसत नसे, कारण मजुरी कामाच्या मापावर होती आणि बसलेला वेळ थेट पोटावर येई. मुकादमाकडे परवानगी मागणे तर नव्या माणसाला जमतच नसे. आमच्या सततच्या मागणीनंतर विश्रांतीचा वेळ भरपगारी झाला आणि जोडीजोडीने आळीपाळीने बसण्याची पद्धत ठरली, तेव्हापासून तंबू कधी रिकामा दिसला नाही. कॅलिफोर्नियात 2005 पासून उघड्यावरील कामगाराला गरज वाटल्यास किमान पाच मिनिटे सावलीत थांबता येईल, असा नियम आहे. ‘गरज वाटल्यास’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण आपल्या अंगात काय होत आहे हे दुसऱ्याला बाहेरून कळत नाही.

गोदामातील पॅकिंग कर्मचारी

आमच्या खोलीत गारवा होता, पण ती पुरुषांसोबत सामाईक होती आणि स्वच्छतागृह गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यामुळे आम्ही बायका पाणीच कमी पीत असू. दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे अशी सूचना भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही. कपडे सैल करून बसता येईल अशी स्वतंत्र जागा आणि तिला लागूनच स्वच्छतागृह मिळाल्यावर आमच्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या होऊ लागल्या.

कारखान्यातील परिचारिका

गारव्याचा कक्ष म्हणजे दवाखाना नव्हे, हे मी प्रत्येक मुकादमाला आग्रहाने सांगते. चक्कर, पेटके किंवा मळमळ होणाऱ्याला तेथे न्यावे, मात्र एकटे सोडू नये. जो असंबद्ध बोलतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही किंवा कोसळतो, त्याला उष्माघात झाला आहे असे धरून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत जागेवरच गार पाण्याने भिजवत राहावे. नवीन माणसांची मला विशेष काळजी वाटते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या वेळेपैकी पाचवा हिस्साच उष्ण ठिकाणी द्यावा आणि तो रोज तितकाच वाढवत न्यावा. लांब रजेवरून परतलेल्या जुन्या कामगारालाही थोडी सवलत लागते.

देखभाल अभियंता

वीज गेली की सर्वांत आधी हाच कक्ष बंद पडे, कारण तो आपत्कालीन जनित्रावर जोडलेला नव्हता. आता जोडला आहे. छताला परावर्तक रंग दिल्यावर आतील तापमानात किती फरक पडला, याच्या नोंदी ज्यांनी पूर्ण उन्हाळाभर ठेवल्या असतील, त्यांनी त्या येथे अवश्य द्याव्यात; आम्हाला पुढील छताचा निर्णय घ्यायचा आहे.