वर्ष झालं म्हणून घाई नको

वर एका ताईंनी लिहिलंय की सासरे जाऊन वर्ष झालं, आता सासूबाईंनी सावरायला हवं. ताई, मला हे पटलं नाही.

माझं आजोळ किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढे नवी गावं वसली, पक्की घरं मिळाली. पण माझी मामी कितीतरी वर्षं छताखाली झोपलीच नाही. दारात पत्र्याचं शेड, त्यात तिची बाज, उशाशी बॅटरी. मामानं कधी हट्ट धरला नाही, आपली बाज तिच्याशेजारी टाकली. तिला बोलतं केलं ते गल्लीतल्या बायकांनी. तूर पाखडता पाखडता कुणीतरी गेलेल्या लेकराचं नाव काढायचं, सगळ्या रडायच्या आणि थोड्या वेळानं सुपं पुन्हा हलायला लागायची. ‘विसर आता’ असं तिथं कुणी कुणाला म्हणालं नाही. ते फक्त आम्ही शहरातले पाहुणे म्हणायचो, याचं आजही वाईट वाटतं.

सासऱ्यांची खुर्ची हलवू नका. संध्याकाळी सासूबाईंजवळ बसा आणि विषय सासऱ्यांचाच काढा.