मदत हवी आहे: चौदा मुलं, चौदा तऱ्हेच्या चुका. एआयकडून प्रत्येकाचा वेगळा सराव कसा काढून घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

नाशिकला सिडकोत घरीच सातवीच्या गणिताची शिकवणी घेते. मराठी माध्यम, बालभारतीचं पुस्तक, बहुतेकांचे आईबाबा अंबड-सातपूरच्या कंपन्यांत.

परवा फळ्यावर १/२ + १/३ दिलं. तिघांचं उत्तर २/५. एकाने ५/६ बरोबर लिहिलं, पण सहा कुठून आला विचारलं तर गप्प. आणि एक मुलगी ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणते, कारण "पाचापेक्षा पस्तीस मोठे ना, ताई!" आता या सगळ्यांना एकच सराव देऊन काय उपयोग?

म्हणून एका चॅटबॉटला कामाला लावलं. नुसतं "दहा उदाहरणं दे" म्हटलं की एका साच्यातली दहा येतात. मुलाचं चुकलेलं उत्तरच पुढे टाकलं तेव्हा गाडी जरा रुळावर आली. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय, हे त्याने बरोबर ओळखलं. पण भाषा! छेदाला 'हर', अपूर्णांकाला 'भिन्न'. एकजण म्हणाला, "भिन्न म्हणजे वेगळा ना?" शिवाय ४ आणि ६ चा लसावि १२ ऐवजी २४ सांगितला, तोही ठणकावून. बेरीज शेवटी बरोबरच येते, त्यामुळे चूक पटकन दिसतही नाही.

तर, बालभारतीचेच शब्द वापरायला त्याला कसं बांधून घालता? दर वेळी शब्दांची यादी चिकटवायची का? दुसरं, खान अकॅडमीचं २०२३ मध्ये आलेलं खानमिगो (शिकवणारा एआय चॅटबॉट) थेट उत्तर न देता उलट प्रश्न विचारतं. साध्या चॅटबॉटला तशी सवय लावणारा प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला लिहून द्यायची सूचना, कुणाकडे असेल तर इथे जसाच्या तसा द्या. आणि कुठल्या मुलाचं कुठे अडलंय याची नोंद कशी ठेवता? मी सध्या वहीत ठेवते. चॅटबॉटला मुलांची नावं देत नाही, 'क्र. ७' एवढंच.

कृपया महागडी ॲप्स सुचवू नका.

भर: मुलं स्वतः फोनवर सराव करतात का, असं खाली विचारलंय म्हणून सांगते, फोन एकच आहे, माझा. मुलांच्या हातात देत नाही. आलेला सराव आधी स्वतः सोडवते, मग पवननगरमधून झेरॉक्स काढून आणते. चौदा वेगळे कागद म्हटल्यावर दुकानदारही वैतागलाय.