आमच्या चौकातली पोलीस चौकी बंद करू नका

पुणेकर७४: आमच्या भागातली चौकी बंद करून तिथली माणसं ठाण्यात हलवणार असं कानावर आलंय, कारण काय तर स्टाफ कमी आहे आणि फोन केला की गाडी येतेच. माझा साफ विरोध आहे. मागच्या वर्षी एकाने आईला "पुढे दंगल झालीये, बांगड्या काढून पर्समध्ये ठेवा" सांगून रुमालात खडे बांधून दिले, ती घरी न येता थेट चौकीत गेली कारण ती रोज भाजी आणायला त्याच रस्त्याने जाते, हवालदारांना तोंडओळख होती. त्यांनी आधी बसवलं, पाणी दिलं, आणि ती बोलत असतानाच एकाला शेजारच्या मेडिकलवाल्याकडे सीसीटीव्ही बघायला पाठवलं. बांगड्या नाही मिळाल्या, पण ती बाई घाबरून घरात बसली नाही. ठाणं आमच्यापासून दोन बस लांब आहे, पंचाहत्तरीची बाई जाणारे का तिथे?

सिंहगडरोड: आईंचं वाईट वाटलं, पण चौकीत एफआयआर होते का? शेवटी ठाण्यातच पाठवतात. आता 112 आहे, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात झिरो एफआयआर आहे, म्हणजे हद्द कुठलीही असो कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते, ऑनलाइन पण देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि जून 2023 मधलं सदाशिव पेठेतलं आठवा, भरदिवसा कोयता घेऊन एक जण मुलीच्या मागे धावला, पेरूगेट चौकी जवळच होती पण तिथे कोणी नव्हतं, रस्त्यावरच्या पोरांनी वाचवलं तिला. मग रिकाम्या खोलीचा काय उपयोग?

पुणेकर७४: अहो त्यानंतर तिथले तीन पोलीस निलंबित केले आणि चौक्या चोवीस तास चालू ठेवायचं ठरलं ना! माणूस नव्हता म्हणून माणूस बसवा म्हणाले, कुलूप लावा नाही म्हणाले. ऑनलाइनचं म्हणाल तर आईचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो आणि मी दिवसभर हिंजवडीत.

क्लासवाली: +1. माझी मुलगी रात्री साडेनऊला क्लासवरून येते, चौकीचा लाईट चालू दिसला की तिथली टपरीवरची टोळकी आपोआप पांगतात. 112 ला फोन करायचा म्हणजे काहीतरी घडून गेल्यावरच करायचा.

सिंहगडरोड: ताई पटतंय, पण माणसं आणायची कुठून? 2024 ला बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, आंबेगाव, नांदेड सिटी, काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली, ती गरजेचीच होती, शहर केवढं पसरलंय. त्यात गणपती आले, कुठली सभा आली की बंदोबस्ताला सगळे जातात. दोन माणसं दिवसभर खुर्चीत बसवण्यापेक्षा बीट मार्शल बाईकवर फिरले तर जास्त गल्ल्या होतील.

पुणेकर७४: फिरू देत की, पण बाईक कुठल्या गल्लीत आहे हे आईला कसं कळणार? चौकी कुठे आहे हे तिला झोपेत पण माहितीये. पूर्ण वेळ जमत नसेल तर निदान संध्याकाळी पाच ते रात्री बारा दोन माणसं ठेवा, वेळ दारावर लिहा. रविवारी सकाळी दहाला चौकीसमोर सह्या घेतोय, निवेदन आयुक्तालयात देणार.

सिंहगडरोड: पाच ते बारा असं लिहिणार असाल तर मी पण येतो सही करायला.