बायोस फाइल बरोबर आहे हे कसं तपासावं?

जुना_गेमर: जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्क प्रोग्रॅममध्ये बीटल पीएसएक्स कोअर (प्लेस्टेशन १ ची नक्कल करणारा भाग) आहे. माझ्या कन्सोलमधून काढलेली बायोस (कन्सोल सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) फाइल सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि कोअरच्या माहितीत ती हजर दिसते. तरी काळा पडदाच. फाइलच खराब आहे हे कशावरून ओळखायचं? पुढे निंटेंडो डीएस आणि निओ जिओही करायचं आहे.

हॅशवाला: तिथल्या 'हजर'वर विसंबू नका. रेट्रोआर्क फक्त त्या नावाची फाइल सापडते का ते पाहतं, आत काय आहे ते नाही. रिकामी फाइल ठेवली तरी तेच दिसेल.

आधी आकार बघा. प्लेस्टेशन १ ची बायोस नेमकी ५,२४,२८८ बाइट असते. एका बाइटचाही फरक असेल तर डम्प (कन्सोलमधून उतरवलेली प्रत) नव्याने काढा. मग एमडी५ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा. तो काढायला लिनक्सवर एमडी५सम कमांड. विंडोजवर पॉवरशेलचं गेट-फाइलहॅश, पण अल्गोरिदम एमडी५ असं सांगावं लागतं, नाहीतर एसएचए-२५६ मिळतो. तो ६४ अक्षरी, एमडी५ ३२ अक्षरी, त्यामुळे चूक लगेच कळते. आलेला हॅश कोअरच्या दस्तऐवजातल्या तक्त्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, म्हणून आधी हॅश, मग नाव. हा कोअर गेमच्या प्रदेशानुसार कन्सोलच्या मॉडेल क्रमांकाच्या (एससीपीएच) नावाची फाइल शोधतो: जपान ५५००, अमेरिका ५५०१, युरोप ५५०२. एससीपीएच-५५०३ आणि ७००३ मध्ये ५५०१ चीच बायोस आहे, ती नाव बदलून बिनधास्त वापरा.

जुना_गेमर: आकार बरोबर निघाला. हॅश तक्त्यात कुठेच नाही.

हॅशवाला: मग त्याच कन्सोलचा आणखी एक डम्प काढा आणि दोन्हींचे हॅश ताडून बघा. ते आपसातच वेगळे आले तर वाचन अस्थिर आहे, जोडणी तपासा. दोन्ही एकच आले तर तुमचं मॉडेल तक्त्यातल्यापेक्षा वेगळं असण्याची शक्यता जास्त. कन्सोलच्या खालच्या लेबलवर मॉडेल क्रमांक आहे, तो इथे लिहा.

रॉम_पारखी: डीएसबद्दल आत्ताच सांगतो, कारण तिथे बरेच जण चांगली फाइल फेकून देतात. बायोस७ (१६,३८४ बाइट) आणि बायोस९ (४,०९६ बाइट) यांचे हॅश जुळलेच पाहिजेत. डीएसच्या तिसऱ्या फाइलचा, फर्मवेअरचा, मात्र जुळणार नाही: त्यात मालकाचं टोपणनाव, वायफाय सेटिंग, टच स्क्रीनचं कॅलिब्रेशन असतं, त्यामुळे प्रत्येक कन्सोलची फाइल निराळी. तिथे आकार बघा, मूळ डीएससाठी २,६२,१४४ बाइट.

निओ जिओची बायोस झिपमध्ये असते, तिच्यातल्या फाइली बाहेर काढून ठेवू नका, निओ जिओ चालवणारा एफबीनिओ कोअर ती झिप तशीच वाचतो. अख्ख्या झिपचा हॅश काढण्यात अर्थ नाही, कॉम्प्रेशन बदललं की तो बदलतो. सेव्हन-झिपमध्ये ती उघडून सीआरसीचा (हॅशसारखाच तपासणी आकडा) रकाना पाहा आणि प्रत्येक फाइल तुमच्या एफबीनिओ आवृत्तीच्याच डॅट फाइलशी (लागणाऱ्या फाइली आणि त्यांचे सीआरसी यांची यादी) जुळवा. जुन्या डॅटशी जुळवलं तर नंतर आवश्यक झालेली फाइल नाही हे कळतच नाही.

आणि विंडोजमध्ये फाइलची एक्स्टेंशन्स दिसतील असं सेटिंग आधी करा. ती लपलेली असली की नाव बदलताना शेवटी 'बिन' दोनदा लागतं, आणि मग फाइल समोर असूनही कोअरला सापडत नाही.

जुना_गेमर: लेबलवर एससीपीएच-७००१ आहे. दुसरा डम्प काढून दोन्ही हॅश टाकतो.